निघण्याआधीची निरवानिरव

अहमदाबादहून लंडनला निघालेलं विमान १२ जून २०२५ रोजी उड्डाणानंतर मिनिटभरातच कोसळलं. विमानातल्या २४२ जणांपैकी एकच वाचला. गेलेल्यांत अख्खी कुटुंबंच्या कुटुंबं होती. त्यातल्या एका कुटुंबाचा निघण्याआधीचा हसरा सेल्फी पुढे कित्येक दिवस सगळ्यांच्या मोबाईलवर फिरत होता. त्याच वर्षी दिवाळीच्या सुट्टीत नाशिकचं आमच्या ओळखीचं एक जोडपं मुलांना घेऊन सिंगापूरला निघालं होतं. त्यांनी ठरवलं, चौघांनी एका विमानानं जायचं नाही. नवरा नऊ वर्षांच्या मुलाला घेऊन आधीच्या विमानानं जाईल, बायको पाच वर्षांच्या मुलीला घेऊन नंतरच्या. तिकिटांचे पैसे बरेच वाढले, पण "मनाला शांतता आहे" असं ती म्हणाली.

मी सहज विचारलं, "मुंबईच्या विमानतळापर्यंत कसे जाणार?"

"त्यात काय, एक गाडी सांगून ठेवलीय. रात्री अकराला निघू सगळे."

म्हणजे चौघं, सहा बॅगा, दिवसभर दुसरं भाडं करून आलेला ड्रायव्हर, मध्यरात्रीचा रस्ता. धाकटी आईच्या मांडीवर झोपणार आणि मागच्या सीटचे पट्टे सीट कव्हरच्या खाली गडप झालेले असणार. सिंगापूरपर्यंतच्या सगळ्या प्रवासात जो टप्पा खरोखर काळजी करण्यासारखा होता, तिथे मात्र ही मंडळी एकत्र होती. वेगळी झाली ती नेमकी विमानात!

हसण्यासारखं यात काही नाही. भीती दिसते तिथे आपण बंदोबस्त करतो, आणि विमान पडल्याचं चित्र डोळ्यांसमोरून हलत नाही. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशातल्या रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली. महाराष्ट्रातला आकडा पंधरा हजारांच्या वर होता. ही माणसं एकेक, दोन-दोन करून गेली म्हणून त्यांचे सेल्फी आपल्यापर्यंत आले नाहीत, इतकंच. तेव्हा 'कुटुंबानं एकत्र जावं की वेगवेगळं' हा प्रश्न कुणी विचारला की मी उलट विचारतो, कशानं जाणार आहात, आणि मागे घरी कोण राहणार आहे? उत्तर या दोन गोष्टींवर ठरतं.

वेगळं जाण्यानं काय वाचतं?

आधी विमानाचा हिशेब उरकून टाकू. चौघं एका विमानात असतील तर अपघाताची शक्यता एकदाच, पण तो झाला तर सगळे जाणार. दोन-दोन करून दोन विमानांत बसले तर सगळे एकदम जाण्याची शक्यता जवळजवळ उरत नाही. पण विमानं दोन झाली, म्हणजे घरातलं कुणीतरी जाण्याची शक्यता दुप्पट झाली. बेरीज-वजाबाकी केली तर धोका तेवढाच राहतो, त्याची वाटणी तेवढी बदलते. वेगळं जाण्यानं प्रवास सुरक्षित होत नाही. 'सगळे जाण्यापेक्षा निम्मे उरलेले बरे' एवढीच निवड त्यात असते, आणि ती ज्याच्या-त्याच्या मनाची आहे. कित्येक आया मला म्हणाल्या आहेत की, त्यापेक्षा सगळे बरोबर असलेलेच बरे. त्यांना चूक कोण म्हणणार?

ही पद्धत मुळात घरांची नाहीच. ती गाद्यांची आणि कचेऱ्यांची आहे. ब्रिटनच्या राजघराण्यातल्या वारसांनी एकाच विमानानं जाऊ नये असा संकेत आहे. तो कायदा नाही. २०१४ मध्ये राजपुत्र विल्यम तान्ह्या जॉर्जला घेऊन ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या दौऱ्यावर गेले, तेव्हा तो संकेत बाजूला ठेवला गेलाच. पण संकेतामागचं कारण खरं आहे. १० एप्रिल २०१० रोजी रशियात स्मोलेन्स्कजवळ पोलंडचं सरकारी विमान पडलं, त्यात राष्ट्राध्यक्ष लेख काचिन्स्की, त्यांची पत्नी आणि सैन्यदलांचे प्रमुख यांच्यासह ९६ जण गेले. एका सकाळी देशाच्या कितीतरी खुर्च्या रिकाम्या झाल्या. तिथे खुर्ची चालू राहणं महत्त्वाचं असतं. घरात खुर्ची नसते, माणसं असतात.

तरी काही घरं अशी असतात, जिथे खुर्चीसारखंच काहीतरी चालू राहावं लागतं, आणि तिथे मी वेगळं जाण्याच्या बाजूचा आहे. पहिलं, मुलं घरी आजी-आजोबांकडे ठेवून आई-बाप दोघंच निघाले असतील तर. आजोबा ऐंशीचे आणि नातू सहा वर्षांचा असेल तर आई-बापांनी एकाच वाहनानं जाण्याआधी खरोखर थांबून विचार करावा. दुसरं, घरात विशेष काळजीचं मूल असेल तर. त्याचं औषध, त्याची भाषा, त्याचे रुसवे-फुगवे आईला आणि एखाद्या मावशीलाच कळतात. या दोघी एका गाडीत नकोत. तिसरं, दोघा भावांचा धंदा असेल, बँकेत दोघांच्याच सह्या चालत असतील, तिजोरीची आणि कॉम्प्युटरची किल्ली दोघांकडेच असेल, तर.

आपल्याकडच्या एकत्र कुटुंबांना हे शिकवावं लागत नव्हतं. गोठ्यात गुरं असायची, देवापुढे दिवा लावायचा असायचा, म्हणून लग्नाला किंवा जत्रेला सगळं घर कधीच निघत नसे, एक जण मागे राहत असे. घराला कुलूप लागणं हाच अपशकुन मानला जाई. आमच्या आजीचा आणखी एक नियम होता, तिघांनी मिळून निघायचं नाही. निघायचंच झालं तर खिशात एक खडा टाकायचा, तो चौथा! खड्यानं कुणाचं रक्षण झालं असेल असं मला वाटत नाही. पण निघताना क्षणभर थांबून माणसं मोजायची ही सवय वाईट नव्हती.

बाकी घरांनी विमानात एकत्रच बसावं. लहान मुलं असतील तर तेच जास्त सुरक्षित. विमान घाईनं रिकामं करायची वेळ आली तर एका आईनं दोन मुलांना काढण्यापेक्षा दोन मोठ्यांनी दोन मुलांना काढणं केव्हाही सोपं. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयानं एप्रिल २०२४ मध्ये कंपन्यांना सांगितलंय की, बारा वर्षांपर्यंतच्या मुलाला त्याच पीएनआरवरच्या आई-वडिलांपैकी वा पालकांपैकी निदान एकाच्या शेजारी जागा द्यायची. तिकिटं सुटी-सुटी काढलीत तर हा आधार तुम्ही स्वतःच सोडून देता. एकच पालक मुलाला घेऊन परदेशी निघाला तर कागदही वाढतात. शेंगेन व्हिसासाठी दुसऱ्या पालकाचं संमतीपत्र मागतात. आणि एकत्र जाताना सगळे पासपोर्ट बाबांच्या एकाच पाऊचमध्ये ठेवू नका. माणसं एकत्र, कागद वेगळे, असं असावं. आपण नेमकं उलटं करतो.

स्कूटरवर चौघं

आपल्याकडे कुटुंबाचा सर्वांत नेहमीचा एकत्र प्रवास विमानाचा नसतो, स्कूटरचा असतो. पुढे उभं राहिलेलं पोर, मागे बायको, दोघांच्या मध्ये दुसरं पोर, हँडलला पिशवी. रविवारी संध्याकाळी मामाकडे निघालेलं हे चित्र कुठल्याही गावात दिसेल. इथे माझं उत्तर सरळ आहे. वेगळे जा.

मोटार वाहन कायद्यानं दुचाकीवर चालवणाऱ्याच्या मागे एकच माणूस बसू शकतो. चार वर्षांवरच्या मुलालाही हेल्मेट लागतं. चारच्या आतल्या मुलाला चालवणाऱ्याशी बांधणारा सुरक्षापट्टा हवा आणि गाडीचा वेग ताशी ४० किलोमीटरच्या वर नको, असा नियम फेब्रुवारी २०२३ पासून आहे. तो पट्टा मी आजवर दोनदाच पाहिला. पण दंडाचं सोडा. पुढे उभं असलेलं पोर ब्रेक लागताच आधी हँडलवर आणि मग रस्त्यावर जातं. त्याला धरायला कुणाचाच हात मोकळा नसतो.

पैशाचं कारणही आता फारसं उरलेलं नाही. १७ मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे, पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास फुकट आहे. बाईनं धाकट्याला घेऊन एसटीनं किंवा शेअर रिक्षानं जावं, बाप्यानं मोठ्याला हेल्मेट घालून मागे बसवावं आणि स्टँडवर जाऊन उतरवून घ्यावं. अर्धा तास जास्त जाईल. मामा कुठे पळून जातोय?

गणपतीला दोन गाड्या

चारचाकीचा प्रश्न जास्त गुंतागुंतीचा आहे. मुंबईहून कोकणात गणपतीला निघालेलं दहा-अकरा जणांचं घर घ्या. सात माणसांच्या गाडीत दहा जण बसवले जातात, मुलं मांड्यांवर, सामान मागच्या सीटच्या पाठीला टेकून काचेपर्यंत. एकत्र गेल्याचा आनंद असतो हे मी नाकारत नाही, अंताक्षरी एका गाडीतच रंगते. पण गाडीत जेवढे पट्टे तेवढीच माणसं, हा एकच नियम पाळला तरी निम्मा लेख वाचायची गरज नाही. आठवा माणूस निघाला की दुसरं वाहन.

मागच्या सीटवरच्या पट्ट्याबद्दल थोडं थांबून सांगतो, कारण 'मागे काय होतंय' हे वाक्य मी शिकल्या-सवरल्या घरांतही ऐकलं आहे. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांची गाडी कठड्यावर आदळली. गाडी महागडी होती, सुरक्षेच्या सगळ्या सोयींची. पुढचे दोघं वाचले, मागचे दोघं गेले. मागच्या दोघांनी पट्टे लावलेले नव्हते, असं पोलिसांच्या तपासात दिसलं. त्याच वर्षीच्या सरकारी अहवालात पट्टा न लावल्यानं गेलेल्यांची संख्या १६,७१५ आहे, आणि त्यातले जवळपास निम्मे, ८,३३१, चालक नव्हते तर नुसते बसलेले होते. मागचा न बांधलेला माणूस धडकेच्या वेळी पुढच्या सीटवर जाऊन आदळतो, म्हणजे तो एकटा मरत नाही, पुढच्यालाही घेऊन जातो. घरातल्या एकानं पट्टा लावला नाही तर तो सगळ्यांचा प्रश्न असतो. चौदा वर्षांच्या आतल्या मुलाला पट्टा किंवा मुलांची खास सीट नसेल तर हजार रुपये दंड आहे. मुलाला पुढच्या सीटवर मांडीवर घेऊन बसणं तर सर्वांत वाईट. एअरबॅग मोठ्या माणसाच्या मापाची असते, ती फुटते तेव्हा मूल तिच्या आणि तुमच्या मध्ये सापडतं.

भाड्याची गाडी असेल तर नंबरप्लेट बघा. पिवळी पाटी म्हणजे भाड्याचा परवाना असलेली गाडी. ओळखीतल्या कुणाची पांढऱ्या पाटीची गाडी दोन पैसे स्वस्त मिळते, पण अपघात झाला तर 'खासगी गाडी भाड्यानं दिली' म्हणून विमा कंपनी हात वर करू शकते, आणि तेव्हा ओळखीतला माणूस ओळख देईलच असं नाही. ड्रायव्हरला विचारा, "दादा, काल झोपलात किती?" हा प्रश्न विचारताना लोकांना संकोच वाटतो. मला तर तो पेट्रोलच्या काट्याइतकाच साधा वाटतो. १ जुलै २०२३ रोजी मध्यरात्र उलटून गेल्यावर समृद्धी महामार्गावर सिंदखेड राजाजवळ खासगी बस उलटून पेटली आणि २५ जण गेले. कारणांचा काथ्याकूट पुढे झाला, पण रात्री दोन ते पहाटे पाच ही झोपेचीच वेळ आहे, आणि सरळसोट रस्त्यावर डोळा लागायला घाटासारखी वळणंही आडवी येत नाहीत. कुटुंब घेऊन रात्रीचं निघू नका. पहाटे निघा, उशिरा पोहोचा.

दोन गाड्या ठरल्या की घोळ सुरू होतो तो वाटणीचा. सगळी तरणी पोरं एका गाडीत, सगळे म्हातारे दुसऱ्या गाडीत. पोरांची गाडी गाणी लावून पुढे निघून जाते आणि काकांची गाडी संगमेश्वरला पंक्चर होते. तिथे जॅक लावायला कुणाची कंबर धड नाही. वाटणी अशी करा की प्रत्येक गाडीत झोप झालेला एक चालक आणि लागलं तर चालवू शकणारा दुसरा असेल, दुखण्या-खुपण्याचं कळणारं एक माणूस असेल, पाणी, रोख पैसे आणि चार्जर दोन्हीकडे असतील. इन्शुलिन ज्याचं त्याच्या गाडीत. 'औषधांची पिशवी मागच्या गाडीत आहे' हे वाक्य काशेडी घाट ओलांडल्यावर ऐकायला फार वाईट लागतं. तान्हं मूल आईजवळ, आणि मोठी मुलं ज्याचं ऐकतात त्याच्याजवळ. बाप आहे म्हणून बापाजवळच, असं नको.

आणि एकमेकांच्या मागे-पुढे राहायचा हट्ट सोडा. दोन गाड्यांनी एकत्र दिसत राहायचं ठरवलं की पुढचा ट्रकला ओव्हरटेक करतो आणि मागचा 'तो पुढे गेला' म्हणून जागा नसताना घुसतो. कोकणच्या रस्त्यावर मी हे डोळ्यांनी पाहिलेलं आहे, आणि त्या दिवशी समोरून येणारा एसटीचा ड्रायव्हर शहाणा होता म्हणून आज लिहितो आहे. थांबे ठरवा. पहिला चहा पेणला, नाश्ता माणगावला, मग महाड, जेवण चिपळूणला. ज्याची गाडी आधी पोहोचेल त्यानं बसावं. फोन चालकाला करायचा नाही, शेजारच्याला करायचा. म्हाताऱ्यांना तर शक्य असेल तेव्हा कोकण रेल्वेनंच पाठवावं. सोबत एक नातू द्यावा, वर स्वच्छतागृहाची सोय असतेच. घर अशा रीतीनं विभागलं गेलं तर तिथे मला वेगळं जाण्यात फायदा दिसतो, कारण इथे धोक्याची नुसती वाटणी होत नाही, धोका खरोखर कमी होतो.

लोकलमध्ये तर मुंबईकर रोजच वेगळे होतात. 'तू लेडीजमध्ये चढ, आम्ही जनरलमध्ये' ठीक आहे. पण कुठल्या स्टेशनला, कुठल्या पुलाखाली भेटायचं, आणि एखादा चढलाच नाही तर बाकीच्यांनी पुढच्या स्टेशनला उतरून थांबायचं की घरी जायचं, हे गाडी यायच्या आधी बोलून घ्या.

गर्दीत आणि पाण्यात

गर्दीत सगळ्यांनी हाताला हात धरून साखळी करायची ही आपली जुनी युक्ती आहे. पाच-सहा जणांची साखळी विरळ गर्दीत चालते. दाट गर्दीत ती मध्येच ताणते, एक पडला की शेजारचा पडतो. २५ जानेवारी २००५ ला मांढरदेवीच्या यात्रेत चेंगराचेंगरी आणि आगीत शेकडो भाविक गेले. दाट गर्दीत साखळीपेक्षा जोड्या बऱ्या. एक मोठं, एक लहान. कोणतं मूल कुणाचं हे निघतानाच ठरलेलं असावं, कारण 'मला वाटलं तुझ्याकडे आहे' असंच मूल हरवतं. मुलाच्या खिशात दोन फोन नंबरांची चिठ्ठी ठेवा. भेटायची जागा प्रसिद्ध नको. पंढरपुरात जो तो 'नामदेव पायरीशी भेटू' म्हणतो, आणि आषाढीला तिथेच उभं राहायला जागा नसते. एसटी स्टँडची चौकशी खिडकी सांगा. हरवलेल्या मुलासाठी १०९८, रेल्वेत १३९, राष्ट्रीय महामार्गावर १०३३, रुग्णवाहिकेला १०८, आणि काहीच आठवलं नाही तर ११२.

पाण्याबद्दल माझं मत कडक आहे. सगळं कुटुंब एका वेळी पाण्यात उतरता कामा नये. ३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली माणसं प्रवाहाच्या मधल्या खडकावर एकमेकांना घट्ट धरून उभी होती. पाणी वाढलं, आणि पाच जण गेले. त्यांचं एकत्र असणं हेच त्यांचं बळ असायला हवं होतं, पाण्यात ते तसं होत नाही. एक जबाबदार माणूस कोरड्या जमिनीवर, फोन आणि दोर घेऊन, काठावर हवाच. होडीत बसताना मात्र एकत्र बसा, पण लाइफ जॅकेट अंगात घालून बसा, बाकाखाली ठेवून नव्हे. १८ डिसेंबर २०२४ ला गेटवेहून घारापुरीला निघालेल्या बोटीवर नौदलाची स्पीडबोट आदळली. अशा वेळी खाली वाकून जॅकेट शोधायला वेळ मिळेलच असं नाही.

एकमेकांचे नॉमिनी

आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला तो भाग. पूर्वी काशीयात्रेला निघालेला माणूस परत येईलच याची खात्री नसे. म्हणून निघण्याआधी तो निरवानिरव करायचा. कुणाचं देणं आहे, कुणाकडून येणं आहे, शेत कुणी करायचं, धाकटीचं लग्न कुणी पाहायचं, हे चार माणसांसमोर सांगून निघायचा. त्यात कुणाला अभद्र वाटत नसे. आज आपण विमा काढतो, आणि ही बोलणी मात्र टाळतो.

नाशिकच्या त्या जोडप्याला मी विचारलं, "तुमच्या पॉलिसींना नॉमिनी कोण?" दोघं एकदम म्हणाले, "आम्हीच, एकमेकांचे." बहुतेक घरांत हेच असतं, आणि एका गाडीत बसलात की त्या नॉमिनीचा उपयोग संपतो. काही जण मुलाचं नाव घालतात आणि तो अज्ञान म्हणून 'अपॉइंटी' या रकान्यात जोडीदाराचं. फिरून भोपळे चौकात! बँकांमध्ये १ नोव्हेंबर २०२५ पासून एका खात्याला चार नॉमिनी देता येतात. ते एकामागून एक असेही लावता येतात, पहिला नसेल तर दुसरा. पहिलं नाव जोडीदाराचं राहू द्या, दुसरं अशा माणसाचं घाला जो तुमच्याबरोबर कधी सहलीला येत नाही. रेल्वेचं तिकीट ऑनलाइन काढताना ४५ पैशांत दहा लाखांचा अपघात विमा मिळतो. त्यानंतर नॉमिनीचं नाव भरायची लिंक येते, ती कुणी उघडत नाही. उघडा, आणि त्याच डब्यातल्या माणसाचं नाव लिहू नका. वर्षाला वीस रुपयांच्या पंतप्रधान सुरक्षा विमा योजनेतही दोन लाख आहेत. घरातल्या अठरा ते सत्तर वयाच्या प्रत्येकाचा तो असायला काय हरकत आहे?

मात्र नॉमिनी म्हणजे मालक, हा समज काढून टाका. साधारणपणे तो पैसे ताब्यात घेणारा विश्वस्त असतो, मालक वारस. सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०२३ मध्ये शेअर्सच्या बाबतीतही तेच सांगितलं. वारस कोण, हे मृत्युपत्र ठरवतं, आणि ते नसेल तर कायदा. नवरा-बायको एकाच अपघातात गेले आणि आधी कोण गेलं हे कळायला मार्ग नसेल, तर हिंदू उत्तराधिकार कायद्याचं कलम २१ असं धरून चालतं की वयानं लहान असलेला मागे राहिला, आणि मग त्याच्या वारसांचा प्रश्न सुरू होतो. त्यातही मूल-बाळ नसलेल्या कमावत्या बाईनं एक गोष्ट मुद्दाम वाचावी. तिनं मृत्युपत्र केलं नसेल आणि नवराही गेला असेल, तर तिच्या स्वतःच्या कमाईवर आधी सासरकडच्या वारसांचा हक्क येतो, तिच्या आई-बापाचा त्यानंतर. ज्या आईनं दागिने मोडून तिला शिकवलं ती रांगेत मागे उभी राहते. तुम्हाला ते मान्य असेल तर प्रश्न नाही. नसेल तर कागद करा. इतर धर्मीयांसाठी नियम वेगळे आहेत, ते आपल्या वकिलाला विचारावेत.

कागद करणं म्हणजे फार मोठं काम नाही. मृत्युपत्र साध्या कागदावर होतं. स्टँप लागत नाही, नोंदणी केली तर उत्तम, पण ती सक्तीची नाही. दोन साक्षीदारांसमोर तुमची सही आणि त्यांच्या सह्या लागतात, आणि साक्षीदार असे असावेत ज्यांना त्यातून काही मिळणार नाही. लहान मुलं असतील तर सर्वांत महत्त्वाची ओळ पैशाची नसते, पालकाची असते. दोघंही नसलो तर मुलं कुणाकडे वाढतील? नवऱ्याच्या मृत्युपत्रात त्याच्या भावाचं नाव आणि बायकोच्या मृत्युपत्रात तिच्या बहिणीचं, असं झालं तर दोन घरं कोर्टात भेटतील. आधी भांडून घ्या, पण दोन्ही कागदांवर एकच नाव येऊ द्या, आणि त्या माणसाला विचारून येऊ द्या. कागद कुठे ठेवलाय हे प्रवासात नसलेल्या एका तरी माणसाला माहीत हवं.

ते जोडपं शेवटी दुपारी जेवून निघालं, पट्टे कव्हरखालून वर काढून, आणि विमानतळाजवळच्या नातेवाइकांकडे टेकलं. तिकिटं काढून झाली होती, म्हणून जाताना दोन विमानांनीच गेले. येताना मात्र धाकटीनं 'दादाबरोबरच बसायचं' म्हणून गोंधळ घातला आणि तिकिटं बदलून चौघं एका विमानानं आले. डिसेंबरच्या एका रविवारी त्यांच्या जेवणाच्या टेबलावर दोन मृत्युपत्रं झाली. दोन्हींत पालक म्हणून एकच नाव आहे, जळगावच्या मावशीचं. साक्षीदार म्हणून पहिली सही समोरच्या फ्लॅटमधल्या डॉक्टरांची आहे, दुसरी माझी.